घरच्यांचे कसले आभार?

पत्र : मी 59 वर्षांची असून चिपळूणला राहते. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या घरात शिरले. मुलाने मला पोटमाळ्यावर चढवले, हे बॅटरी धरून शिडीच्या पायऱ्या मोजत होते आणि ‘अजून चार उरल्यात’ असे सांगत होते. पुढे महिनाभर सुनेने गाळ उपसला. माझ्या आईचा एकुलता एक फोटो काचेला चिकटला होता. तिने तो काचेसकट ताटलीत स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवून हळूहळू सोडवला. त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावात दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. आता टीव्हीवर गाझातल्या आया दिसतात आणि माझ्या ताटात गरम भाकरी असते. घरच्यांबद्दल मन भरून येते आणि लगेच लाज वाटते. बोलून दाखवले तर दृष्ट लागेल, अशीही भीती वाटते. मी काय करू?

प्रिय ताई,

तुमच्या मनात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि तुमची लाज त्या गुंत्यातून आली आहे, असे मला वाटते. ‘आम्ही वाचलो’ ही एक गोष्ट आणि ‘मुलाने मला वर चढवले’ ही दुसरी. पहिलीचे आभार मानायला गेलात, की वाचले नाहीत ते डोळ्यांसमोर येणारच. पाऊस तोच होता; त्याने तुमच्याकडे नदी चढली आणि महाड तालुक्यात डोंगर खाली आला. तळियेच्या माणसांचे काही चुकले नव्हते, तुमच्या गाठीशी काही जास्तीचे पुण्य नव्हते, आणि आपणच का उरलो याचे उत्तर मी तुम्हाला देऊ शकत नाही. ते कोणी देऊ लागले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण छातीभर पाण्यात उभे राहून मुलाने आधी आईचा हात धरला, हे त्याने केले. त्याची किंमत करायला दुसऱ्या कोणाचे घर पडलेले असण्याची गरज नाही. त्यामुळे या कृतज्ञतेत कोणाचाही वाटा हिरावला जात नाही.

गाझातल्या आयांसाठी तुमचा घास अडतो, त्यात काही वाईट नाही, म्हणून बातम्या बंद करा असे मी सांगणार नाही. फक्त जेवणाच्या वेळी त्या लावू नका, कारण भाकरी ताटात निवू दिल्याने त्यांचे दुःख कणभरही हलके होत नाही. तुम्हाला गाळ माहीत आहे. चिपळूणचा बाजार चिखलात होता तेव्हा बाहेरगावची अनोळखी माणसे फावडी घेऊन आलेली तुम्ही पाहिली असतील. पुढच्या पावसाळ्यात कुठे पाणी शिरले, तर भिजलेली कागदपत्रे आणि फोटो कसे सोडवायचे, हे शिकवायला तुम्ही आणि सूनबाई जाऊ शकता.

दृष्टीच्या भीतीला मी हसणार नाही. पुरातून गेलेल्या माणसाला सुख मोठ्याने उच्चारायची भीती वाटते, हे मी समजू शकते. हवे तर त्या संध्याकाळी सगळ्यांवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाका, पण बोला. आपल्या घरांत ‘घरच्यांचे कसले आभार?’ असे म्हणून आपण वर्षानुवर्षे गप्प राहतो, आणि सुनेच्या वाट्याला तर हे गप्प राहणे सर्वांत जास्त येते. मुलाने केले ते निदान कर्तव्य म्हणून गावभर सांगितले जाते. तिने महिनाभर उपसलेला गाळ मात्र घरकामात जमा होतो.

तिला ‘आभारी आहे’ म्हणू नका, त्या शब्दाने ती परक्यासारखी अवघडेल. आईचा फोटो हातात घ्या आणि ती ताटलीवर वाकून बसली होती तेव्हा तुम्ही दारातून काय पाहिलेत, ते जसेच्या तसे सांगा. मुलाशी तो एकटा असताना बोला. चारचौघांत तो विषय बदलून उठून जाईल. आणि यजमानांना विचारा, की त्या रात्री शिडीच्या पायऱ्या खरोखर किती उरल्या होत्या.