चिखलात खेळायला पैसे कशाला?

इंग्लंडातल्या रीडिंगहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी अकरा महिन्यांची, आठवड्यातून तीन दिवस नर्सरीत जाते. संध्याकाळी ॲपवर फोटो येतात: कधी कोपरापर्यंत रंग, कधी मांडीवर चिखल, कधी नुसतीच एका वाटीकडे टक लावून बसलेली. साताऱ्याहून सासूबाई आल्यात. फोटो बघून त्या म्हणाल्या, "अगं, चिखलात खेळायला एवढे पैसे मोजता? तिथं शिकवतात तरी काय?" पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "खरं सांगते, मलाही उत्तर सुचलं नाही."

मी इंग्लंडात बरीच वर्षं नर्सरीच्या बेबी रूममध्ये, म्हणजे अगदी लहान बाळांच्या खोलीत, काम केलंय, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. आधी पैशांचं सांगते. तिथे दोन वर्षांखालच्या दर तीन बाळांमागे एक मोठं माणूस असावंच लागतं, तसा नियमच आहे. फीचा मोठा वाटा त्या माणसांच्या पगारात जातो, चिखल फुकटच असतो.

आता शिकवण्याचं. इंग्लंडात २००८ पासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज’ हा आराखडा आहे. त्यात पायाभूत विषय तीनच: बोलणं आणि समजणं, शरीराची वाढ, आणि माणसांशी जुळवून घेणं. अक्षरओळख आणि अंक त्यानंतर येतात. म्हणून बेबी रूमच्या भिंतीवर एबीसीडी दिसली नाही तर घाबरू नका. उलट अकरा महिन्यांच्या बाळापुढे कोणी फ्लॅशकार्डं नाचवत असेल तर मला काळजी वाटेल.

फोटोतली ती वाटी बहुतेक ‘ट्रेझर बास्केट’मधली असणार. ही कल्पना एलिनॉर गोल्डश्मीड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ बाईंची. बसता येतं पण अजून रांगता येत नाही अशा बाळापुढे बुटकी, पसरट टोपली ठेवायची आणि तिच्यात घरातल्याच वस्तू ठेवायच्या: लाकडी, धातूच्या, कापडाच्या, पण प्लास्टिकची एकही नाही. प्लास्टिकला ना वजन, ना वास, ना थंडपणा. दहा खेळणी हातात दिली तरी बाळाच्या जिभेला ती सगळी एकच. स्टीलचा चमचा गार लागतो, लाकडी रवी खरखरीत लागते, लिंबाला वास येतो.

ही टोपली सासूबाईंना भरू द्या, तुमच्यापेक्षा त्या चांगली भरतील. स्टीलची वाटी, छोटी रवी, पिठाची छोटी चाळणी, लाकडी चमचा, खणाचा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेली करवंटी, अख्खं लिंबू. कल्हईची जुनी भांडी मात्र नकोत, कारण प्रत्येक वस्तू तोंडात जाणार आहे. नाणी, बिया, कडधान्यंही नकोत. ती घशात, नाकात जातात, आणि कच्चा राजमा तर विषारी असतो. दर वेळी वस्तू पुसून, तपासून ठेवा. बाळाला एकटं सोडू नका.

एवढं झालं की गप्प बसायचं. आपल्याला हेच सगळ्यात अवघड जातं. बाळाने वाटी उचलली रे उचलली की आपण सुरू: "हे काय आहे? वाटी! म्हण बघू, वाटी!" टोपलीशी खेळताना ही तोंडी परीक्षा बंद. बाळाने वर पाहिलं तर हसा. वाटी आपटून वाजली तर "टण्ण वाजली!" एवढं पुरे. चमच्याने वाटी वाजते पण खण वाजत नाही, हे तिचं तिला कळू द्या. तुमची लेक बेबी चेअरवरून सातव्यांदा चमचा खाली टाकते तेव्हाही तिचा अभ्यासच चालू असतो. तुमची कंबर मोडते ती वेगळी गोष्ट.

सासूबाईंना आणखी एक सांगा. अंगणवाडी हा शब्द त्यांना चांगलाच ठाऊक असेल. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला काम केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, म्हणून ती अंगणवाडी. पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच तिथली साधनं. तेव्हा हे गोऱ्यांचं फॅड आहे असं म्हणायला फारशी जागा नाही.

एका बाबतीत मात्र मी सासूबाईंच्या बाजूने आहे. काही नर्सऱ्यांत शिजलेला पास्ता, भात, जेली ट्रेमध्ये ओतून मुलांना त्यात हात घालू देतात. आपल्याकडे पायाखाली शीत आलं तरी जीव चुटपुटतो. हे मोकळेपणाने सांगावं, कोणी हसत नाही. शाकाहारी घरांनी तर सांगायलाच हवं, कारण तिथली जेली बहुधा जिलेटिनची, म्हणजे जनावरांपासून केलेली असते. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी दाण्यांचे गोळे करतात, त्यात चरबी असते. हा हात तासाभरात तोंडात जाणार, हे आईला माहीत हवं. चिखल, पाणी, वाळू यांना मात्र अडवू नका. चांगले कपडे घालून पाठवू नका, म्हणजे तुमचाही जीव वर-खाली होणार नाही.

तिचं मराठी मात्र नर्सरीला देता येणार नाही. घरची भाषा खेळात वापरायची संधी मुलाला मिळावी यासाठी नर्सरीने प्रयत्न करावेत, असं त्या आराखड्यातच लिहिलंय. पण त्यांना शब्द कोण देणार? आमच्याकडे एक बाळ दुपारी "मम्मं, मम्मं" करत रडायचं. सगळ्या जणी त्याला "मम्मी येईल हं" म्हणून थोपटायच्या. बाळाला भूक लागली होती! दोन दिवसांनी मी त्या खोलीत गेले तेव्हा उलगडा झाला. तेव्हा मम्मं, भूर, जोजो, शू, दुदू, अजून, नको असे दहाएक शब्द रोमन अक्षरांत, अर्थासकट लिहून तुमच्या मुलीच्या ‘की पर्सन’ला द्या. बाळामागे नेमून दिलेली ती एक व्यक्ती, तिच्याशीच बोला. पुढे दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान नर्सरी प्रगतीचा लेखी आढावा देईल. त्या वेळी मुलीला किती शब्द येतात असं विचारलं तर मराठी शब्दही मोजायला लावा.

घरी वेगळं काही मांडायला नको. पदराआडून "कुऽक" करणं, आपडी थापडी, आंघोळीच्या वेळी एका तांब्यातून दुसऱ्या तांब्यात पाणी. नर्सरीत ती इंग्रजीत जे करते तेच इथे आजीच्या भाषेत.

आणि सासूबाई परत जायच्या आत त्यांना एकदा नर्सरीत घेऊन जा. पालकांना, आजी-आजोबांना मुलांबरोबर खेळायला बोलावण्याची सकाळ बऱ्याच ठिकाणी असते. पोळपाट-लाटणं बरोबर असू द्या. कणीक नेण्याआधी तेवढं विचारून घ्या, एखाद्या मुलाला गव्हाची ॲलर्जी असू शकते.