आधी लपवणं थांबव, मग यूपीएससीचं बोलू

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू एस.वाय.बी.ए.ला आहेस, यूपीएससी द्यायची आहे आणि तुला रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे हळूहळू नजर कमी करणारा डोळ्यांचा आजार आहे. अंधार पडल्यावर नवी पेठेतल्या अभ्यासिकेतून निघताना फुटपाथवरच्या गाड्यांवर आदळतेस आणि मैत्रिणींना सांगतेस, ‘चष्म्याचा नंबर वाढलाय’. बाबा दिव्यांगत्वाचा दाखला काढू देत नाहीत, कारण ‘शिक्का बसला की लग्न जमायचं नाही’. झेपेल का, असं तू विचारलंयस.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बसचा नंबर कुणाला विचारायला नको म्हणून तू दोन-दोन बस सोडतेस. वर्गात फळा दिसत नाही, तरी मान डोलावतेस. हे सगळं निभावून जी ताकद उरते, तिच्यावर तू अभ्यास करतेस. ती सगळी ताकद अभ्यासाला मिळाली तर काय होईल, याचा विचार कर.

डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं बरी वाचता येतात, म्हणून आपण दिव्यांगांत बसत नाही असं तुला वाटतं. तसं नाही. या आजारात आधी रात्रीची आणि बाजूची नजर जाते, समोरचं बरीच वर्षं टिकू शकतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी ठरवताना नजरेचा घेरही धरला आहे. तो 40 अंशांपेक्षा कमी असेल, तर अक्षरं वाचता येत असली तरी तू त्यात मोडू शकतेस. तेव्हा नजरेचा घेर मोजणारी फील्ड टेस्ट करून घे.

दाखल्यावर 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आलं, तर यूपीएससीला वयात 10 वर्षांची सवलत आहे. खुल्या गटात 6 ऐवजी 9 प्रयत्न मिळतात. पात्र ठरलीस तर लेखनिक आणि दर तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. ही मेहेरबानी नव्हे, कायद्यानं दिलेला हक्क आहे. कागद नसेल तर यातलं काहीच मिळत नाही.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. पहिल्यांदा 773 वा क्रमांक आला, तेव्हा अंधत्वाचं कारण देऊन त्यांना रेल्वेची लेखासेवा नाकारली गेली. पुढच्या प्रयत्नात 124 वा क्रमांक आला आणि 2019 मध्ये त्या तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. त्यांचा अभ्यास स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर झाला. माझ्या मते या गोष्टीतलं तुझ्या सर्वांत कामाचं तेच आहे.

म्हणून या सुट्टीत कोचिंगची फी भरू नकोस. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठीही वाचतो. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात वाचता-ऐकता येणारी पुस्तकं आहेत. ऐकून अभ्यास करायची सवय लागायला काही महिने जातात, सुरुवातीला चिडचिड होते. डोळे साथ देताहेत तोवरच ही सवय लावून घे. पांढरी काठी संध्याकाळपुरती धरलीस तरी चालेल.

भूगोल वैकल्पिक घ्यायचं म्हणतेस, तिथे मात्र थांब. नकाशावर ठिकाणं दाखवावी लागतात. राज्यशास्त्र किंवा मराठी साहित्य बघ. आणि किती प्रयत्न करायचे ते आधीच ठरव. ही परीक्षा डोळस मुलांनाही हुलकावणी देते. म्हणून एम.ए. आणि प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा सोबत चालू ठेव.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. दादा, तुमची भीती मला कळते, पोरीच्या काळजीतूनच ती आली आहे. पण लग्नाआधी लपवलेलं लग्नानंतर लपणार नाही, आणि ते एकटीनं निभवायची वेळ तिच्यावरच येईल. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा. जुने सगळे रिपोर्ट घेऊन ससून रुग्णालयात तिच्यासोबत तुम्ही स्वतः जा. तिथून येताना तिला विचारा, रोज घरी ती नेमकी कुठल्या रस्त्यानं येते, आणि एकदा संध्याकाळी तो रस्ता तिच्याबरोबर चालून बघा.