बालवाडीत नुसतंच खेळवतात, मग शिकवतात कधी?

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या बालवाडीत वही-पेन्सिल नाही, सगळा वेळ खेळ. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा ५० पर्यंत अंक लिहितो. शाळा बदलावी का?

उत्तर : अंक गिरवता येतात म्हणून संख्या कळली, असं होत नाही. मुलीपुढे चिंचोक्यांची रास ठेवा आणि म्हणा, “मला सात दे.” पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणारी बरीच मुलं इथे मूठभर उचलून देतात. (शेजारच्या मुलाची परीक्षा मात्र घेऊ नका!) एका आकड्याला एकच चिंचोका आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे उचलून-ठेवूनच पक्कं होतं. मग तेच सात चिंचोके लांब लांब मांडून “आता किती?” विचारा. या वयात पुष्कळ मुलं “जास्त झाले” म्हणतात. “चुकलं” म्हणू नका, पुन्हा मोजू द्या.

हाताचंही असंच. या वयात मनगटातली काही हाडं अजून कूर्चाच, म्हणजे मऊ असतात आणि बोटांत पुरेसा जोर नसतो. पेन्सिल लवकर दिली की मूल ती मुठीत धरतं, खांद्यापासून हात फिरवतं आणि तीच पकड अंगवळणी पडू शकते. आधी चिमटी तयार करा : मटार सोलणं, वाटीच्या काठाला कपड्यांचे चिमटे लावणं, कागद फाडून चिकटवणं. मेणखडू मोडून तीन सेंटिमीटरचे तुकडे द्या. एवढासा तुकडा मुठीत धरून चालत नाही, बोटांनीच धरावा लागतो.

हे नवं खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात शंख-शिंपले, पानं, खडे हीच साधनं होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही या वयाला खेळातून शिक्षणच सांगितलं आहे.

तरी ‘खेळ’ म्हटलं की सगळं चांगलंच, असंही नाही. बालवाडीत अर्धा तास बसून बघा. खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशी खाली आहेत की कपाटात कुलपात? काय खेळायचं ते मूल निवडतं की सगळ्यांनी एकदम बाईंच्या हुकुमावर तेच करायचं? दुसरा प्रकार असेल तर ती कवायत झाली. मुलं निवडत असतील, भांडून-समजावून वाटून घेत असतील, तर शाळा अजिबात बदलू नका.

प्रश्न : घरी खेळायला मातीसारखं काही करता येईल का?

उत्तर : दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक चमचा तेल. पाणी थोडं थोडं घाला, पाऊण ते एक वाटी लागतं. पावसाळ्यात मीठ ओल धरतं आणि गोळा चिकट होतो. तेव्हा वरून मैदा भुरभुरवा, पाणी नको. झाकणाच्या डब्यात ठेवा, बुरशी दिसली की फेका. दोन वर्षांचं भावंड असेल तर हा खारट गोळा नकोच, पोळीची कणीक द्या. चिंचोकेही उचलून ठेवा, घशात अडकतात.