हॉलिवूडचे जुने कृष्णधवल भयपट आज बघताना खरंच भीती वाटते का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की १९३१चा 'ड्रॅक्युला' लावला आणि अर्ध्या तासात बंद केला. सगळं संथ आणि नाटकी वाटलं, म्हणून आता विचारताय की या चित्रपटांचं एवढं कौतुक का होतं.

भीती वाटते. मला आजही वाटते. पण 'ड्रॅक्युला'पासून सुरुवात करा असं मी कुणालाच सांगत नाही.

त्यातला किल्ल्यातला सुरुवातीचा भाग अप्रतिम आहे. तो मोठा जिना, ती कोळिष्टकं, हातात मेणबत्ती घेऊन उभा असलेला, ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी. पण कथा लंडनच्या दिवाणखान्यात आली की माणसं उभी राहून एकमेकांना हकिकती सांगू लागतात. हा चित्रपट न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गाजलेल्या नाटकावरून आला आणि लुगोसी १९२७ मध्ये तिथे हीच भूमिका करत होता. बोलपट तेव्हा नवे होते. श्रेयनामावलीला 'स्वान लेक'ची धून वाजते, पुढे ऑपेरागृहात थोडं संगीत ऐकू येतं आणि बाकी चित्रपटभर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आपल्या कानांना त्याची सवय नाही, म्हणून तो रिकामा वाटतो. (त्याच सेटवर रात्रीच्या पाळीत दुसऱ्या चमूने स्पॅनिश 'ड्रॅक्युला' चित्रित केला. त्यात कॅमेरा जास्त हिंडता-फिरता आहे. पुन्हा प्रयत्न करणार असाल तर तो बघा.)

तुम्ही 'कॅट पीपल' बघा. १९४२चा, सव्वा तासाच्या आत संपणारा.

आरकेओ स्टुडिओ तेव्हा पैशाच्या ओढाताणीत होता. स्वस्तात भयपट काढायला त्यांनी व्हॅल ल्यूटन नावाचा निर्माता नेमला. अट अशी की नाव स्टुडिओ देणार, खर्च दीड लाख डॉलरच्या आत ठेवायचा आणि लांबी ७५ मिनिटांच्या आत. 'कॅट पीपल' हे नावही असंच हातात ठेवलेलं. एवढ्या पैशात राक्षस दाखवणं शक्यच नव्हतं. मग ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी तो न दाखवायचं ठरवलं. सेटही जुने वापरले. नायिकेच्या इमारतीतला जिना ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'साठी बांधलेला होता.

गोष्ट इरेनाची आहे. सर्बियातून न्यूयॉर्कला आलेली, एकटी मुलगी. आपल्या गावाचा शाप आपल्यातही आहे आणि प्रेम किंवा मत्सर अनावर झाला की आपलं बिबट्यात रूपांतर होईल, असं तिला मनापासून वाटतं. म्हणून लग्न झाल्यावरही ती नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. सिमोन सिमोनने ही भूमिका अशी केलीय की भीती वाटायच्या आधी तिची दया येते. माझ्या दृष्टीने चित्रपटाची खरी ताकद इथेच आहे.

आता एक प्रसंग सांगतो. सांगू नये असं वाटतं, पण त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. इरेनाच्या नवऱ्यावर जीव असलेली ॲलिस रात्री सेंट्रल पार्कमधल्या रस्त्याने एकटी चाललीय. दिव्याखाली उजेडाचं एक डबकं, मग अंधार, मग पुन्हा उजेड. मागे इरेना. संगीत नाही, फक्त दोघींच्या टाचांचा टकटक आवाज. मग मागची टकटक थांबते. ॲलिस थबकते, वळून बघते, कोणीच नाही. ती पावलं उचलते, जवळजवळ धावू लागते, आणि एकदम कानाशी श्वापदाचा फूत्कार! ती बस असते. तिच्या ब्रेकचा आवाज.

संकलक मार्क रॉब्सनने जोडलेला तो आवाज इतका गाजला की अशा फसव्या दचक्याला चित्रपटवाले आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिच्याबरोबर हा चित्रपट बघताना त्या क्षणी तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मग म्हणाली, "बस पुढे गेली, पण ती बाई कुठे गेली?" कॅमेरा झाडांच्या हलत्या फांद्या दाखवतो, पुढे चिखलातल्या पावलांच्या खुणा दाखवतो. बाकी सगळं आपण आपलं रचतो.

तळघरातल्या पोहण्याच्या तलावाचा प्रसंगही तसाच. पाण्याची थरथर भिंतींवर पडलीय आणि तिच्यात एक सावली सरकते. ती सावली तूर्नरने दिव्यासमोर स्वतःची मूठ हलवून पाडली होती. स्टुडिओच्या हट्टामुळे एका प्रसंगात खराखुरा काळा बिबट्या दाखवावा लागला, आणि मला तोच प्रसंग सर्वांत कमी घाबरवतो.

हे आवडलं तर १९३२चा 'द ममी' घ्या. निदान पहिली दहा मिनिटं. कार्ल फ्रॉइंड हा जर्मनीहून आलेला छायालेखक. 'ड्रॅक्युला'चं छायालेखनही त्याचंच. इथे तो दिग्दर्शक आहे. बोरिस कार्लोफला ममी बनवायला तासन्‌तास रंगभूषा केली आणि फ्रॉइंडने काय दाखवलं? किंचित उघडणारे डोळे. हळूच सुटणारा हात. मग दारातून फरफटत बाहेर जाणारं पट्टीचं टोक, आणि ते बघून वेडा झालेल्या तरुणाचं हसणं. बस्स.

उलट उदाहरण 'फ्रँकेन्स्टाइन'मधलं. राक्षस आणि लहानगी मारिया तळ्याकाठी फुलं पाण्यात सोडून ती तरंगताना बघताहेत. फुलं संपतात, तेव्हा हीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. सेन्सॉरने तेवढाच तुकडा कापला. नंतर बाप तिचं कलेवर उचलून गावातून चालताना दिसतो, त्यामुळे अनेक वर्षं प्रेक्षक मध्ये काय झालं असेल याच्या भलत्याच कल्पना करत राहिले. १९८०च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. तो बघितला की राक्षसाचा राग येत नाही, पोटात तुटतं. इथे दाखवणंच गरजेचं होतं. त्यामुळे घेताना पूर्ण आवृत्ती आहे ना, ते बघून घ्या.

आणि रात्रीच बघा, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. खोलीत उजेड असेल तर पडद्यावरचा काळा रंग राखाडी दिसतो आणि या चित्रपटांचा अर्धा प्राण त्या काळ्यात असतो. 'कॅट पीपल'ला हेडफोन लावा. टाचांचा आवाज नीट ऐकू यायला हवा, कारण तो कधी थांबतो ते तुम्हाला कळायला हवं.