वाचक विचारतात : एशियाटिकची बिल्डिंग मुळात कशासाठी बांधली?

प्रश्न : फोर्टमधली एशियाटिक लायब्ररी, म्हणजे ती मोठ्या खांबांची आणि भरपूर पायऱ्यांची पांढरी बिल्डिंग, लायब्ररीसाठीच बांधली होती का? आणि ती सीएसएमटी किंवा हायकोर्टसारखी अजिबात का दिसत नाही?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, तो मुंबईचा टाउन हॉल. जुनी माणसं अजूनही टाउन हॉलच म्हणतात. १८०४ मध्ये जेम्स मॅकिंटॉश या जज्जसाहेबांनी परळला लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू केली, तीच पुढे एशियाटिक सोसायटी ही संस्था झाली, आणि सभा-समारंभ नि पुस्तकं एका छपराखाली असावीत ही कल्पनाही त्यांचीच. पैसे उभे करायला चक्क लॉटरी काढली, ती काही पुरली नाही, काम १८२१ च्या सुमारास सुरू झालं आणि रखडत रखडत १८३३ मध्ये संपलं, तेसुद्धा कंपनी सरकारने बाकीचा खर्च उचलला म्हणून, आणि त्या बदल्यात सरकारी ऑफिसांना जागा द्यावी लागली. म्हणजे लायब्ररी पहिल्यापासून तिथे होती, पण एका बाजूला, बिऱ्हाडकरूसारखी. पुढे सभा, दरबार बंद होत गेले आणि पुस्तकं राहिली. आज तिथे एशियाटिकबरोबर राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे.

आता दिसण्याचं. इंग्लंडवर १७१४ ते १८३० एकापाठोपाठ चार जॉर्ज राजे होते, त्या काळात ग्रीक-रोमन देवळांसारखं बांधायची फॅशन होती, आणि आपल्या टाउन हॉलचं डिझाइन त्याच काळातलं, कंपनीच्या लष्करातल्या बॉम्बे इंजिनियर्सच्या कर्नल थॉमस कूपर यांचं. हायकोर्ट १८७८ चं आणि व्हीटी स्टेशन, म्हणजे आजचं सीएसएमटी, त्याच्याही नंतरचं, तोवर कमानी-कळसांची गॉथिक फॅशन आली होती. टाउन हॉल बांधला तेव्हा फोर्टची तटबंदीसुद्धा जागेवर होती, ती १८६० च्या दशकात पाडली, आणि समोरचं हॉर्निमन सर्कलही नव्हतं, नुसतं मोकळं मैदान होतं.

समोरच्या आठ खांबांजवळ एकदा नीट उभे राहा. हे डोरिक खांब, उभ्या खाचांचे, खाली वेगळी बैठक नाही, थेट फरशीतून वर आलेत, आणि वरचं टोकही अगदी साधं. मग आतल्या हॉलचे खांब बघा, ते कोरिंथियन, वर कोरीव पानांचा झुपका. बाहेर भारदस्त आणि आत नाजूक, हा फरक मला या बिल्डिंगमधला सगळ्यात सुंदर वाटतो. खिडक्यांना मात्र लाकडी झडपा, कारण मुंबईचं ऊन-पाऊस ग्रीक देवळाला काय माहीत! उंच छत आणि मोठ्या खिडक्या केल्या त्या सभांसाठी, पण हवा नि उजेड मिळाला तो वाचणाऱ्यांना. लोखंडी गोल जिनाही चुकवू नका.

प्रश्न : खांब इंग्लंडहून आणले हे खरं का? आणि इतक्या पायऱ्या कशाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हो, दगडी खांब तिकडून जहाजाने आले असंच सांगतात, आणि ते इतके अवाढव्य निघाले की ठरवलेल्यापेक्षा कमी वापरले आणि उरलेले भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला गेले, अशीही गोष्ट आहे. पायऱ्या तीस. मुख्य मजला उंच जोत्यावर घेतलाय, खाली खोल्या आहेत आणि वरचा हॉल रस्त्यावरून डोळ्यात भरतो. कंपनीचं राज्य संपून राणी व्हिक्टोरियाचं सुरू झालं, तो राणीचा जाहीरनामा मुंबईत १ नोव्हेंबर १८५८ ला याच पायऱ्यांवरून वाचला गेला.

आज लोक तिथे बसतात, फोटो काढतात आणि निघून जातात, याचं फार वाईट वाटतं. आत नाना शंकरशेटांचा बसलेला संगमरवरी पुतळा आहे, आणि भारतरत्न पां. वा. काणे यांच्या नावाची संशोधन संस्थाही एशियाटिकचीच.