'उके'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: आयकिडो या जपानी युद्धकलेच्या क्लबात नव्याने येणाऱ्यांसाठी मराठीत दोन पानी माहिती लिहायची आहे. सरावाच्या जोडीत एक जण 'नागे', म्हणजे डाव करणारा, आणि दुसरा 'उके'. या उकेला 'प्रतिस्पर्धी' म्हणावं, 'हल्लेखोर' म्हणावं की 'पडणारा'? आणि 'उकेमी' म्हणजे 'पडण्याचं तंत्र' हे बरोबर आहे का?

मला तिन्ही शब्द पटत नाहीत. मी 'झेलणारा' लिहीन.

'उके' हे नाम 'उकेरु' या क्रियापदावरून आलं आहे. उकेरु म्हणजे आपल्याकडे येणारी गोष्ट घेणं, स्वीकारणं, सोसणं. जपानीत चेंडू उकेरु करतात, जखमही उकेरु करतात. आपलं 'झेलणं' थेट याच वाटेनं चालतं: चेंडू झेलतो, घाव झेलतो, एखाद्याचा शब्द वरच्या वर झेलतो. झेलण्यात हात पुढे करणंही आहे आणि सोसणंही आहे. नुसत्या 'घेणं'मध्ये ही दुहेरी छटा येत नाही. पण या दोन शब्दांची जोडी सगळीकडे जुळत नाही, उदाहरणार्थ परीक्षेपाशी. जपानी विद्यार्थी परीक्षा उकेरु करतो, म्हणजे घेतो. मराठी विद्यार्थी ती देतो आणि घेतात ते शिक्षक!

'हल्लेखोर' अगदीच चूक नाही. 'शोमेन-उची'त उके समोरून येऊन हाताची कड डोक्यावर उतरवतो, म्हणजे सुरुवात त्याचीच असते. पण त्याचं नाव या सुरुवातीवरून पडलेलं नाही, पुढे त्याच्या वाट्याला जे येतं त्यावरून पडलेलं आहे. कराटेकडून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो, कारण तिकडे 'आगे-उके' म्हणजे डोक्याकडे येणारा ठोसा हात वर नेऊन अडवणं. क्रियापद तेच, फक्त तिथे घाव हातावर झेलला जातो आणि इथे सगळ्या अंगावर.

'प्रतिस्पर्धी' मात्र लिहूच नका. हे मी कळकळीनं सांगतो, कारण नवीन लोकांसाठीच्या एका कागदावर मी स्वतः तो शब्द लिहिला होता. 'कोते-गाएशी' शिकवताना दोघा नवख्यांनी मनगट ताठ धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. प्रतिस्पर्धी म्हटल्यावर माणूस हरायचं नाही म्हणूनच उभा राहतो. या डावात मनगट बाहेरच्या बाजूला वळवलं जातं. सोबत अंग वळलं नाही तर सगळा पीळ सांध्यावर येतो. एकाचं मनगट त्या दिवशी सुजलं. तो कागद मी दुसऱ्याच दिवशी बदलला.

शिवाय बहुतेक आयकिडो-परंपरांत स्पर्धाच नसतात. मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांनी ही विद्या घडवली आणि स्पर्धेला त्यांचा विरोध होता. त्यांचे शिष्य केंजी तोमिकी यांच्या शाखेत मात्र त्या होतात. (मूळ उच्चारातला 'द' इंग्रजीच्या वाटेनं 'ड' झाला. 'आयकिदो' जास्त जवळचं, पण रुळलेलं 'आयकिडो' आता बदलू नये असं मला वाटतं.) सरावात सहसा एक जण चार वेळा डाव करतो, दोनदा उजवीकडून, दोनदा डावीकडून, मग भूमिका बदलतात. पाच मिनिटांपूर्वी मी ज्याला फेकलं, तो आता मला फेकतो. याला स्पर्धा कोण म्हणेल?

आता 'उकेमी'. यातला 'मी' म्हणजे शरीर. उकेमी म्हणजे आलेलं अंगावर घेणं. पडणं हा त्याचा शेवटचा भाग. पुढच्या कोलांटीत, 'माए-उकेमी'त, हनुवटी छातीशी येते, हात कमानीसारखा गोल होतो आणि अंग खांद्यावरून तिरकं विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत घरंगळतं. डोकं जमिनीला लागतच नाही. नवख्याचं बिघडतं ते पडण्याच्या आधी. तो अंग चोरतो, कोपर दुमडतो, श्वास धरून बसतो. 'अंग चोरणं' इतका नेमका शब्द मराठीत तयार असताना 'तंत्र' कशाला? अंग न चोरता पडणं झेलायचं, ही उकेमी.

भाषेची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जपानी व्याकरणात 'उकेमी' हेच कर्मणी प्रयोगाचंही नाव आहे. त्यात एक खास रचना आहे: 'आमे नी फुरारेता'. 'पाऊस पडला' या साध्या वाक्याचा जपानीत असा कर्मणी प्रयोग होतो आणि त्यातून 'पाऊस माझ्यावर पडला, मला त्रास झाला' असा अर्थ निघतो. आपण म्हणू, 'पावसानं गाठलं'. आपल्या वाक्यात कर्ता पाऊस आहे. जपानी वाक्य मात्र भिजणाऱ्याच्या बाजूनं बोलतं, त्याला शब्दांत उच्चारलं नसलं तरी. मॅटवरचा उकेही मला असाच दिसतो. डाव त्याच्यावर होतो, पण त्या क्षणी लक्ष द्यायचं ते त्याच्याकडे.

तेव्हा वर्गात 'उके', 'उकेमी' हेच शब्द वापरा, म्हणजे दुसऱ्या क्लबात गेल्यावरही अडणार नाही. माहितीपत्रकात पहिल्यांदा येतील तिथे असं लिहा: 'उके: हल्ला करणारा आणि त्यावरचा डाव अंगावर झेलणारा जोडीदार.' लिंग व्यक्तीप्रमाणे ठेवा, तो उके, ती उके. विभक्ती सरळ लागते: उकेनं, उकेला, उकेचा.