कुणीतरी वाट पाहतंय का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत तीन पत्रं अशी निघाली की तिन्हींचा प्रश्न एकच, फक्त वयं आणि गावं वेगळी. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ५९ वर्षांची आहे. सोलापूरला बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर पुण्याला मुलाकडे, वाकडला राहायला आले. मुलगा-सून दोघंही गुणी आहेत, मला काही कमी पडू देत नाहीत. भांड्यांना बाई आहे, पोळ्यांना बाई आहे, भाजी मोबाइलवरून येते. ‘आई, जन्मभर राबलीस, आता आराम कर’, असं दोघंही म्हणतात. पण दुपारचे चार वाजले की घर खायला उठतं. सगळं असून मला आनंद का वाटत नाही? माझाच स्वभाव कुरकुरा झालाय का?

उत्तर : ताई, स्वभावाला बोल लावू नका. तुमचं काय गेलंय ते तुमच्याच पत्रात आहे. कॅशच्या खिडकीत बसलेल्या बाईशी दिवसाकाठी किती माणसं बोलतात! पेन्शन काढायला येणारे आजोबा, पिग्मीची रक्कम भरायला आलेला एजंट, ‘मॅडम, पन्नासच्या नोटा असतील तर बघा ना’ म्हणणारा दुकानदार. यातलं कुणी तुमचं जिवाभावाचं नव्हतं. पण तुम्ही रजेवर गेलात की ‘मॅडम दिसल्या नाहीत?’ असं विचारणारी ही माणसं होती. वाकडच्या घरात तुमच्यावर माया करणारी दोन माणसं आहेत, पण तुमच्यावाचून अडणारं काहीच नाही. आरामाच्या नावाखाली तुमच्या हातातलं सगळं काढून घेतलं गेलंय, तेही प्रेमाने, त्यामुळे तक्रार करायची सोय राहिलेली नाही.

माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून झाली. तुमच्यासारख्या बायका तिथे येत. डोकं दुखतं, छातीत धडधडतं अशी तक्रार घेऊन यायच्या, तपासण्यांत काही निघायचं नाही. मी विचारायची, ‘उद्या सकाळी तुम्ही उठला नाहीत तर पहिल्यांदा कुणाचं अडेल?’ या प्रश्नावर त्यांना रडू फुटायचं.

तुम्हाला कुणीतरी छंद लावून घ्यायला सांगितलं असेल. छंद चांगलाच, पण त्याने तुमचं भागेल असं मला वाटत नाही. मी मिरजेत राहते. इथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढणारे कारागीर मी लहानपणापासून पाहत आलेय. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने जरासा घासायचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, कान लावायचा. मनासारखी आस लागली नाही की पुन्हा कानस. तासन् तास हेच चालतं आणि त्या माणसाच्या तोंडावर कंटाळ्याचं नाव नसतं. यातल्या एकाने मला सांगितलं होतं, ‘कोण गाणार, कुठल्या पट्टीत गाणार, हे कळल्याशिवाय मी हात लावत नाही.’ ते काम कुणासाठी तरी असतं, आणि तो कुणीतरी वाट पाहत असतो. छंदात नेमकं हेच नसतं.

म्हणून माझं सांगणं असं : घरातलं एक काम मागून घ्या. मदत म्हणून नाही, पूर्ण तुमचं म्हणून, तुम्ही केलं नाही तर होणार नाही असं. तुम्ही सोलापूरच्या. शेंगा चटणी पुण्यात हवी तशी मिळत नाही, हे सूनबाईही कबूल करतील. घरी उखळ मागवा. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजा, सालं पाखडून टाका, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कुटायला घ्या. मिक्सरमध्ये भुकटी होते. उखळात तेल सुटतं, चटणीचा लगदा बत्त्याला चिकटायला लागतो आणि तिचा रंग गडद होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. उखळाखाली गोणपाटाची घडी ठेवा. तरीही खालच्या मजल्यावर आवाज जाणारच, म्हणून आधीच वाटीभर चटणी घेऊन खाली जाऊन या. त्या घराचं दार वाजवायला तुम्हाला हे निमित्त पुरेल. महिन्याभरात ‘काकू, चटणी संपली’ असं कुणीतरी म्हणेल. त्या वाक्याची किंमत तुम्हाला तेव्हा कळेल.

दुसरं, भाजी मोबाइलवरून मागवणं बंद करायला सांगा, निदान पालेभाजी तरी. दहा मिनिटांत दारात येणारी कोथिंबीर सोयीची आहे, पण तिच्यामुळे भाजीवालीशी होणारं बोलणं घरातून जातं, आणि तुम्हाला आज कोथिंबिरीपेक्षा त्या बोलण्याची गरज जास्त आहे. रोज त्याच भाजीवालीकडे जा. रात्रीचं जेवण तिघांनी एका वेळी, एका टेबलावर, हे मुलाला स्पष्ट सांगा. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात एकत्र जेवण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. जी माणसं इतरांबरोबर जास्त वेळा जेवतात ती आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात, असं त्यात देशोदेशींच्या आकडेवारीवरून मांडलंय. तुमच्या आजेसासूबाईंना हे अहवालावाचून माहीत होतं, पण मुलगा आयटीतला असेल तर त्याला अहवाल दाखवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल आणि हे दोन आठवडे सतत चाललं असेल, तर चटणीवर थांबू नका. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा. बाहेर पडवत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. कॉल मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वय २८. डोंबिवली ते लोअर परळ रोजचा प्रवास. नोकरी लागली तेव्हा वाटायचं, पगार दुप्पट झाला की सुखी होईन. झाला. दोन-तीन महिने बरं वाटलं, मग जैसे थे. आता वन-बीएचकेचा टू-बीएचके करायचा विचार आहे, पण त्यासाठी आणखी लांब, बदलापूरला जावं लागेल. पैशाने सुख मिळत नाही म्हणतात ते खरंच का?

उत्तर : तू माझ्या धाकट्याहून लहान आहेस, म्हणून एकेरीत लिहिते. ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवणारी, ‘पुढच्या महिन्यात घेतो’ म्हणणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्यांच्यासमोर हे वाक्य कुणी उच्चारू नये. २०२३ मध्ये डॅनियल कानेमान, मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स या संशोधकांनी मिळून अमेरिकेतली आकडेवारी पुन्हा तपासली. मिळकत वाढते तसं बहुतेकांचं सुखही वाढत जातं, असंच त्यांना दिसलं. जे मुळातच फार दुःखी असतात, त्यांच्या बाबतीत मात्र एका मर्यादेनंतर पैशाचा उपयोग थांबतो.

पण तुला आलेला अनुभवही खोटा नाही. १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांहून फारसे सुखी निघाले नाहीत. माणसं मोजकीच होती, तेव्हा त्यावरून फार मोठा निष्कर्ष मी काढणार नाही. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो : मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक, यांत किती मजा येते असं विचारल्यावर लॉटरीवाल्यांनी इतरांपेक्षा कमी गुण दिले. मोठं घबाड हाती लागल्यावर रोजच्या गोष्टी त्यांना फिक्या लागू लागल्या होत्या.

आता बदलापूरचं. जास्तीची खोली तुला महिन्याभरात अंगवळणी पडेल. प्रवास अंगवळणी पडत नाही, कारण तो रोज नव्याने छळतो : एक दिवस मेगाब्लॉक, एक दिवस पाऊस, एक दिवस दारातच लटकणं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांनी आपल्या आदल्या दिवसाची प्रसंगवार नोंद दिली, तेव्हा कामावर जाण्याचा प्रवास सगळ्यात नावडत्या गोष्टींत निघाला. त्या तर बहुतेक मोटारीने जाणाऱ्या! आईवडील सोबत राहायला येणार असतील, घरात बाळ येणार असेल, तर दुसरी खोली जरूर घे. नुसतं ‘पुढची पायरी’ म्हणून घेत असशील तर नको.

आणि तू रोज तीच गाडी, तोच डबा पकडतोस की नाही, ते लिहिलं नाहीस. शिकागोच्या उपनगरी गाड्यांत निकोलस एप्ली आणि ज्युलिआना श्रोडर या संशोधकांनी एक प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाशी बोलायला लावलं तर प्रवास नकोसा होईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जे बोलले त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा चांगला झाला. आपल्याकडे यासाठी शिकागोला जायला नको. मध्य रेल्वेच्या डब्यात टाळ घेऊन भजन म्हणणारी मंडळी तू पाहिली असशील. दसऱ्याला झेंडूच्या माळा लावून डबा सजवणारी, पूजा करून पेढे वाटणारी तीच. त्यांच्यातलं कुणी दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी घरी फोन जातो. चौथ्या सीटवर सरकून जागा देणारा माणूस असेल तर दीड तासाचा प्रवास कमी होत नाही, पण सोसवतो. कानातले हेडफोन आठवडाभर बॅगेत ठेव आणि समोरच्याला निदान नाव विचार. भजन येत नसलं तरी चालतं, टाळ धरायला कुणीही शिकवतं.

प्रश्न : वय ७३, अमरावती. आठ महिन्यांपूर्वी पत्नी वारली. परवा नातवाने काही गंमत सांगितली आणि मी खदखदून हसलो. मग रात्रभर झोप नाही. एवढ्यात हसू येतं म्हणजे मी तिला विसरलो का? आम्ही दोघं रोज संध्याकाळी बागेत जायचो. तिथल्या हास्यक्लबची मंडळी अजून चौकशी करतात. जावं की नाही, समजत नाही.

उत्तर : भाऊ, विसरला असता तर रात्रभर जागला नसता. १९९७ मध्ये डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार जाऊन सहाएक महिने झालेल्या माणसांना गेलेल्या माणसाबद्दलच बोलतं केलं. बोलता बोलता ज्यांना मनापासून हसू आलं, त्यांचा मानसिक त्रास कमी होता आणि गेलेल्या जोडीदाराशी त्यांचं नातं चांगलं होतं असं दिसलं. तुमच्या पत्नीला ती गंमत ऐकून हसू आलं असतं का? आलं असतं, असं तुमच्या पत्राच्या भाषेवरून वाटतं. मग तिच्या वाटचंही हसलात, असं समजा.

बागेत जा. हास्यक्लबची सुरुवात १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी बागेतल्या अवघ्या पाच माणसांना घेऊन केली, आणि तो जगभर पसरला. माझ्या मते तो टिकला तो हसण्याच्या व्यायामांमुळे कमी आणि त्यानंतरच्या बाकावरच्या गप्पांमुळे जास्त. तुमच्या घरी संध्याकाळी वाट पाहणारं माणूस आता नाही. बागेत आहेत, ते तुम्हीच लिहिलंय. पहिल्या दिवशी हात वर करून हसायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा, नुसते बाकावर बसा. आणि नातवाला सोबत न्या. सगळे एकदम वहिनींची आठवण काढतील, तेव्हा घरचं कुणीतरी शेजारी असलेलं बरं.